पंखा म्हटला की आवाज येणारच?

दुपारची भांडी उरकून रेडिओ लावला असेल तर जरा जवळ येऊन बसा. घरात धूर ओढणारा पंखा असेल आणि तो खडखडत असेल, तर आजचं बोलणं तुमच्यासाठीच आहे. कागद-पेन्सिल घेतलीत तर आणखी चांगलं.

आम्ही बारा जणी. कांदा-लसूण मसाला, काळा मसाला आणि शेंगदाण्याची चटणी करतो. कांडप गावातल्या डंकनावर होतं. पण मिरची परतायची, खोबरं, तीळ, धने भाजायचे, कांदा तळायचा, हे सगळं आमच्यातल्या एकीच्या घरामागे पत्र्याची खोली आहे, तिथे. मिरची परतताना काय होतं ते तुम्हाला सांगायला नको. एक घाणा परतला की चार घरं शिंकतात. म्हणून गटाच्या पैशातून आम्ही १२ इंची एक्झॉस्ट पंखा घेतला आणि पत्र्याच्या भिंतीला भोक पाडून बसवला.

पंखा बसला, ठसका कमी झाला. पण खोलीतला ठसका गेला तो सरळ शेजारच्या अंगणात. तिथल्या वहिनी म्हणाल्या, "अगं, तुमची मिरची आमच्या दुधात उतरली." बरोबरच होतं त्यांचं. मग आम्ही पंख्याला पाइप जोडून धूर छपराच्या वर सोडायचं ठरवलं. एका जागी ६ इंची पाइप पडून होता, स्वस्तात मिळाला. पंख्याच्या १२ इंची तोंडाला पत्र्याचं नरसाळं लावलं, त्याला हा ६ इंची पाइप, दोन काटकोनी कोपर, आणि धूर वर. आम्हाला वाटलं, काम झालं.

बटण दाबलं आणि जणू खोलीत ट्रॅक्टर शिरला. पत्रा थरथरायला लागला, पाइप हुंकारायला लागला, झडपा टाळ्या वाजवायला लागल्या. एकमेकींशी बोलायचं तर ओरडावं लागे. ज्यांनी बसवलं त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "ताई, पंखा म्हटला की आवाज येणारच." आम्हीही मान डोलावली. आमची पहिली चूक झाली ती इथे.

आता मसाल्याचा हंगाम कधी असतो? फेब्रुवारी, मार्च, एप्रिल. आणि दहावीचे पेपर? तेही तेव्हाच. शेजारच्या वहिनींची लेक त्याच वर्षी दहावीला होती. एका रात्री नऊच्या सुमाराला वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "परवा पोरीचा गणिताचा पेपर आहे. ती कानात कापूस घालून बसलीय." आणि गेल्या. त्या भांडल्या असत्या तर आम्हीही दोन शब्द बोललो असतो. त्या बोलल्या नाहीत म्हणून आम्हालाच बोलायला काही उरलं नाही.

आम्ही पंखा बंद केला. ऑर्डर तर पुरी करायची होती. म्हणून तोंडाला पदर बांधून, दारं उघडी ठेवून आम्ही मिरची परतली. तिसऱ्या रात्री आमच्यातल्या सगळ्यात मोठ्या आक्कांना धाप लागली. ओसरीवर आणून बसवलं, तरी श्वास खाली जाईना. रातोरात गाडी करून दवाखान्यात न्यावं लागलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "धुरात काम करता का? खोलीत पंखा नाही?" आम्ही काय सांगणार? पंखा आहे, पण आवाजामुळे बंद ठेवलाय?

मैत्रिणींनो, पंख्याचा आवाज ही किरकोळ तक्रार नाही, हे आम्हाला त्या रात्री कळलं. मोठ्यानं वाजणारा पंखा बाई बंद करते. पंखा बंद झाला की धूर तिच्या छातीत जातो. म्हणजे जो पंखा लावता येत नाही, तो असून नसल्यासारखा. तुमच्या घरी हेच होतं का बघा. स्वयंपाकघरात पंखा आहे, पण सासऱ्यांना बातम्या ऐकू येत नाहीत म्हणून बंद. बाळ झोपलंय म्हणून बंद. फोडणीचा धूर आपला आपणच गिळायचा.

पुढच्या बैठकीत हाच एक विषय घेतला. कोणी म्हणालं, काम बंद करू. कोणी म्हणालं, पहाटे तीनला उठून भाजू. पण पहाटे तीनला शेजारी काय जागे असतात? आपल्या देशात आवाजाचा नियम आहे, २००० सालचा. राहत्या वस्तीत दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा. रात्र म्हणजे रात्री १० ते सकाळी ६. डेसिबल हे आवाज मोजायचं माप. म्हणजे रात्री तर आपण जास्तच गप्प राहायला हवं. शेवटी ठरलं, पंख्यालाच शहाणं करायचं. आमच्यातल्या एकीचा भाऊ मोटरी दुरुस्त करतो. त्याला बोलावलं आणि त्याच्याबरोबर राबून जे शिकलो ते आता क्रमानं सांगतो.

आधी एक गोष्ट गाठ मारून ठेवा. पंख्याला हात लावण्याआधी बटण बंद करायचं, पिन काढायची किंवा मेन स्विच पाडायचा. वायर जोडायचं काम वायरमनचं. आपण ऐकायचं, पुसायचं, घट्ट करायचं आणि नीट काम करून घ्यायचं.

पहिलं काम म्हणजे ऐकणं. आवाज एक वाटतो, पण तो चार-पाच आवाजांचा काला असतो. दाण्यातून खडे निवडावेत तसे ते वेगळे करायचे.

खडखड आली तर काहीतरी सैल आहे. नट, जाळी, नाहीतर बाहेरच्या झडपा. घरघर किंवा किरकिर आली तर मोटरचं बुश कोरडं पडलंय किंवा बेअरिंग गेलंय. घुंऽ असा जाड आवाज आला आणि भिंत थरथरली, तर पंख्याचं कंपन पत्र्यात उतरतंय. सूंऽ सूंऽ असा वाऱ्याचा आवाज आला, तर हवेला जायला वाट अपुरी आहे.

ओळखायच्या दोन युक्त्या आहेत. एक, पंखा चालू असताना, पंख्यापासून लांब, पत्र्याच्या भिंतीवर तळहात दाबून धरा. आवाज कमी झाला तर तो आवाज पत्र्याचा. दोन, बटण बंद करा आणि कान द्या. बटण पडल्याबरोबर जो आवाज तुटतो, तो मोटरमधला विजेचा गुणगुणाट. पाती थांबेपर्यंत जो हळूहळू उतरतो, तो वाऱ्याचा किंवा पात्यांचा.

आवाज किती वाढलाय हे बघायलाही यंत्र लागत नाही. हातभर अंतरावर उभ्या असलेल्या बाईशी आवाज चढवून बोलावं लागत असेल, तर तो आवाज साधारण ८५ डेसिबलच्या घरात गेला असं समजायचं. एवढ्या आवाजात रोज आठ-आठ तास, वर्षानुवर्षं काम केलं तर कान कायमचे अधू होतात. गेलेलं ऐकू परत येत नाही.

दुसरं काम, पुसणं. आमच्या पंख्याची पाती उतरवली तर त्यावर तेलकट मिरचीपुडीचा थर, बोटाच्या पेरासारखा. तोही एका पात्यावर जाड, दुसऱ्यावर पातळ. जात्याचा खुंटा एका बाजूला कलला तर जातं कसं हेलपाटतं? तसंच हे. वजन सारखं नसलं की पंखा डुलतो, डुलला की थरथरतो, आणि ती थरथर भिंतभर पसरते. पाती कोमट साबणाच्या पाण्यानं धुवा. पाती अॅल्युमिनियमची असतील तर धुण्याचा सोडा लावू नका, सोडा अॅल्युमिनियम खातो. मोटरवर पाणी जाऊ देऊ नका, ती कोरड्या फडक्यानं पुसा. परत बसवल्यावर, वीज बंदच ठेवून, चौकटीला एक काडी टेकवून धरा आणि पंखा हातानं फिरवा. प्रत्येक पातं काडीपासून सारख्याच अंतरावरून गेलं पाहिजे. एखादं पुढं-मागं गेलं तर ते वाकलंय. ते हातोडीनं ठोकू नका, बदलून घ्या.

तिसरं काम, तेल. जुन्या पद्धतीच्या बुशच्या मोटरीला शिवणयंत्राच्या तेलाचे दोन थेंब पुरतात. गोडं तेल घालू नका, त्याचा चिकटा होतो. बंद बेअरिंगची मोटर असेल तर वरून तेल घालून काही होत नाही. बेअरिंग बदलावं लागतं आणि ते काम मेकॅनिकचं.

एवढं केलं आणि आमच्या पंख्याची घरघर गेली, डुलणं गेलं. खर्चाला शंभराची नोट पुरली. पण पत्रा थरथरतच होता.

चौथं काम, पंख्याला पत्र्यापासून सोडवणं. ढोलकी कशी वाजते? कातडं ताणलेलं असतं आणि त्यावर थाप पडते. पत्र्याची भिंत म्हणजे ताणलेलं कातडंच, आणि पंखा मिनिटाला १४०० फेऱ्या मारत तिला थापा देत असतो. आम्ही भिंतीची ढोलकी करून ठेवली होती. मोटरवाल्या भावानं पंखा पत्र्यावरून काढला. खोलीच्या दोन लोखंडी खांबांना जाड सागवानी पट्ट्यांची चौकट बसवली आणि पंखा त्या चौकटीत घेतला. चौकट आणि पत्रा यांच्यात बोटभर फट ठेवली आणि ती रबरी पट्टीनं बुजवली.

पंखा आणि चौकट यांच्यामध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचे वायसर घातले, तीन-तीन पदरी. इथे एक बारीक गोष्ट आहे आणि ती पुष्कळ जण विसरतात. रबर फक्त मागून घालून भागत नाही. बोल्टच्या डोक्याखालीही रबरी वायसर हवा, नाहीतर कंपन बोल्टमधून सरळ पलीकडे जातं. आणि नट एवढा आवळू नका की रबर चपटं होऊन जाईल. दाबलेल्या रबरात मऊपणा उरत नाही. नट सुटू नये म्हणून दुसरा नट चढवा.

वीट-सिमेंटची भिंत असेल तर तुम्ही नशीबवान. जड भिंत सहज थरथरत नाही. तिथे पंख्याभोवतीची फट तेवढी भरून घ्या आणि रबर घाला.

पाचवं काम, झडपा. पंखा चालला की उघडायच्या आणि थांबला की मिटायच्या अशा पट्ट्या बाहेरच्या बाजूला असतात. त्यांच्या खिळ्यांत तेलकट घाण बसली, किंवा हवेचा जोर कमी पडला, की त्या अर्धवट उघडतात आणि फडफडतात. आमच्या झडपा टाळ्या वाजवायच्या त्या याचमुळे. पाइप लावल्यावर पंख्याजवळ झडपांची गरजच नव्हती, आम्ही त्या काढून टाकल्या. ज्यांना पाइप नाही त्यांनी झडपा काढू नका, पावसाचं पाणी आत येईल. त्या साफ करा आणि वाकलेली पट्टी सरळ करून घ्या.

आता सहावं काम, सगळ्यात मोठं. पाइप. आमची मूळ चूक इथे होती.

१२ इंची तोंडाला ६ इंची पाइप म्हणजे निम्म्या तोंडाचा, असं आम्हाला वाटलं होतं. तसं नसतं. रुंदी निम्मी झाली की गोल तोंडाची जागा पाव होते. खरं वाटत नसेल तर भाकरीच्या पिठाचे गोळे मोजून बघा. चार छोट्या भाकरींचं पीठ एका मोठ्या भाकरीत जातं. म्हणजे आम्ही एका भाकरीची हवा पाव भाकरीच्या वाटेनं कोंबत होतो. हवा तेवढीच जायची तर तिला चौपट वेगानं पळावं लागतं, आणि हवा जितकी वेगानं पळते तितकी ती जास्त किंचाळते. वर दोन काटकोनी वळणं. प्रत्येक वळणावर हवा भिंतीवर आपटते आणि मागं फिरते. बरं, आपला हा साधा पात्यांचा पंखा मोकळ्या हवेचा गडी. अडथळ्यापुढे त्याचा जोर चालत नाही. तो नुसता घुसमटून हुंकारतो. आवाज जास्त आणि धूर कमी, असं दुहेरी नुकसान.

म्हणून लक्षात ठेवा. पाइप पंख्याच्या तोंडापेक्षा लहान नको. लांबी कमीत कमी. वळण शक्यतो एकच, आणि ते काटकोनी नको, नदीच्या वळणासारखं गोल हवं. फार लांबवर धूर न्यायचा असेल तर हा पंखा चालत नाही, त्याला डबीतला ब्लोअर लागतो. तो वेगळा हिशेब.

आम्ही पत्रेवाल्याकडून १२ इंची पाइप करून घेतला, एका गोल वळणाचा. तोंड शेजाऱ्यांकडे न ठेवता आभाळाकडे केलं. पावसासाठी वर पत्र्याची टोपी बसवली. टोपी आणि पाइप यांच्यातली फट पाइपच्या रुंदीच्या निम्मी तरी हवी, म्हणजे आमच्यासाठी ६ इंच. टोपी टेकवून बसवली तर परत घुसमट. पाखरं घरटं करू नयेत म्हणून मोठ्या भोकांची जाळी लावली. बारीक जाळी तेलानं बुजते.

पाइपचं ओझं पंख्यावर टाकलं नाही. पाइप स्वतंत्र कंसावर टांगला, कंसाखाली रबर. पंखा आणि पाइप यांच्यात लोखंडाला लोखंड न लावता बोटभर अंतर ठेवलं आणि त्यावर उष्णता सोसणारी सिलिकॉन रबराची पट्टी गुंडाळली. त्यामुळे पंख्याची थरथर पाइपमध्ये उतरत नाही. आणि पाइपला खालच्या बाजूला एक झाकण ठेवलं, आत हात घालून तेल पुसता यावं म्हणून.

ज्यांच्या ओट्यावर चिमणी आहे त्यांच्यासाठी. तिच्यामागचा तो घड्यांचा चंदेरी पाइप बघा. पुष्कळ घरांत तो आकसलेला, दबलेला, सापासारखा वेटोळे घालून ठेवलेला असतो. तो ताणून सरळ करून घ्या, जादा असेल तेवढा कापून टाका. घड्या मोकळ्या झाल्या की आवाज उतरतो आणि धूरही नीट ओढला जातो.

सातवं काम, आत येणारी हवा. पंखा हवा बाहेर टाकतो, पण तेवढीच हवा कुठून तरी आत यायला हवी ना? आवाज बाहेर जाऊ नये म्हणून आम्ही दार-खिडकी घट्ट लावून पंखा चालवायचो. तोंड दाबून नाकानं फुंकर मारल्यासारखं ते. पंखा चालू असताना दार किलकिलं करून बघा. दार आपोआप ओढलं गेलं, किंवा दार उघडताच पंख्याचा सूर बदलला, तर खोली गुदमरतेय. पंख्याच्या समोरच्या भिंतीत, खालच्या बाजूला, पाइपच्या तोंडाएवढी तरी जागा हवेसाठी ठेवा. ती शेजाऱ्यांच्या बाजूला नको. चूल किंवा गॅस पेटता असताना तर खोली बंद करून जोराचा पंखा लावूच नका, धूर उलटा आत ओढला जातो.

आठवं काम लगेच झालं नाही, हंगाम संपल्यावर झालं. ते म्हणजे वेग. १२ इंची पंखे बाजारात साधारण दोन वेगांचे मिळतात, मिनिटाला १४०० फेऱ्यांचे आणि ९०० फेऱ्यांचे. दुकानात आपण विचारतो, "जोराचा कुठला?" आणि १४०० चा घेऊन येतो. पण पंख्याचा वेग थोडा उतरवला तरी आवाज खूप उतरतो. तोच पंखा १४०० ऐवजी ९०० फेऱ्यांवर फिरला, तर आवाज सुमारे १० डेसिबलनं कमी होतो, आणि आपल्या कानाला तो जवळजवळ निम्मा वाटतो. म्हणून मोठा आणि सावकाश फिरणारा पंखा घ्यावा, लहान आणि पिसाट फिरणारा नको.

पण हवाही कमी जाते, तिसऱ्या हिश्श्यापेक्षा थोडी जास्तच कमी. मग धूर कसा जाणार? त्यासाठी आम्ही शेगडीवर पत्र्याची छत्री केली. कढईपेक्षा चारी बाजूंनी वीतभर मोठी, आपलं डोकं आपटणार नाही आणि जाळ लागणार नाही एवढी उंच. धूर मुळात वरच जातो. तो खोलीभर पसरायच्या आत छत्रीत धरला, की थोड्या हवेत काम भागतं. आधी आम्ही सबंध खोली उपसत होतो, आता फक्त कढईवरचा धूर उपसतो.

जुन्याच पंख्याला रेग्युलेटर लावायचा असेल तर वायरमनला विचारून लावा. काही रेग्युलेटरनं वेग उतरतो, पण मोटर गुणगुणायला लागते. कंडेन्सरवर चालणारा रेग्युलेटर त्या मानानं शांत असतो. आणि वेग फार उतरवू नका, मोटर तापते.

आता काय करू नये तेही ऐका, कारण आम्हाला हे सगळे सल्ले मिळाले होते. पाइपच्या तोंडाला पोतं बांधू नका. पाइपच्या आत फोम, थर्माकोल, गोणपाट चिकटवू नका. त्यात तेल मुरतं आणि एक ठिणगी गेली तर पाइपची चूल होते. आवाज दबेल, घर जाईल. पंख्याची पुढची जाळी काढून टाकू नका, पदर आणि वेणी आधी सांभाळायची.

तुमच्यापैकी काही जणींचं घरकुल आता बांधकामात असेल. तुम्हाला सगळ्यात सोपं आहे. पंख्याचं भोक वीट-भिंतीत ठेवा, शेजारच्या खिडकीसमोर नको, झोपायच्या खोलीच्या भिंतीत नको. शक्यतो परसाच्या बाजूला, छपराजवळ. मोकळ्यावर आवाजापासून दुप्पट लांब गेलं की तो साधारण ६ डेसिबलनं उतरतो. जागा निवडायला पैसा पडत नाही. गवंड्याला आधी सांगा, नंतर भिंत फोडावी लागते.

आता आमच्या गोष्टीचं पुढे काय झालं ते सांगतो. पुसणं, तेल, चौकट, रबर हे दोन दिवसांत झालं. पाइप व्हायला आठवडा लागला. तोवर त्या मुलीचा गणिताचा पेपर होऊन गेला होता. आधीच्या किती रात्री तिनं आमच्या आवाजात अभ्यास केला, तो हिशेब आम्हाला चुकता करता येणार नाही. आम्ही वहिनींकडे जाऊन तसं सांगितलं, माफी मागितली. उरलेल्या पेपरांना तरी आम्ही संध्याकाळी सातनंतर शेगडी पेटवली नाही. बाकी भाजणं दुपारी, ती शाळेत पेपरला गेली की.

आक्का आता बऱ्या आहेत. पण खोकला अजून अधूनमधून येतो. त्यांना आम्ही भाजायला बसवत नाही, पाकिटं भरायचं आणि हिशेब तपासायचं काम त्यांच्याकडे. गटाच्या वहीत पहिल्या पानावर दोन ओळी लिहिल्यात. पंख्याशिवाय मिरची परतायची नाही. आणि पंखा वाजायला लागला तर पंखा बंद करायचा नाही, दुरुस्त करायचा.

दर अमावस्येला आम्ही पाती पुसतो. अमावस्या का, तर लक्षात राहते म्हणून, दुसरं काही नाही. तेव्हाच नट तपासतो, पाइपचं झाकण उघडून तेल पुसतो. अर्ध्या तासाचं काम आहे, दोघी-दोघी पाळीनं करतो.

नवा पंखा, नवा पाइप, छत्री असं सगळं झाल्यावर आम्ही एकदा पडताळा घेतला. शेजारच्या वहिनींच्या ओसरीवर त्यांचाच रेडिओ हळू आवाजात लावला आणि इकडे पंखा चालू केला. बातम्या शब्दन्‌शब्द कळत होत्या. तुम्हीही अशीच परीक्षा घ्या. आधी एकदा, कामं केल्यावर एकदा. आपल्या कानाची साक्ष पुरते. आवाज अगदी शून्य होणार नाही. हवा हलली की थोडा आवाज येतोच. पण तो वाऱ्याचा आवाज असावा, गिरणीचा नव्हे.

मागच्या महिन्यात आम्ही मोठी ऑर्डर भाजत होतो. वहिनी परसातून हाक मारून म्हणाल्या, "आज सुट्टी घेतलीत का गं सगळ्यांनी? काहीच हालचाल नाही." आम्ही आतून म्हणालो, "या की आत, चौथा घाणा चाललाय." त्या आल्या, पंख्याकडे बघत उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मला पण माझ्या मोरीचा पंखा दाखवायचाय तुम्हाला." दुसऱ्या दिवशी आम्ही सायकलच्या ट्यूबचा तुकडा आणि तेलाची बाटली घेऊन गेलो. तिथे नुसती एक जाळी सैल होती.

तेव्हा मैत्रिणींनो, आज संध्याकाळी एकच काम करा. आपल्या पंख्यासमोर दोन मिनिटं उभ्या राहा आणि नीट ऐका. खडखड आहे, घरघर आहे, घुं आहे की सूं आहे? ते कागदावर लिहा आणि पुढच्या बैठकीत गटापुढे मांडा. कुणी म्हणालं, "पंखा म्हटला की आवाज येणारच," तर आमची ही गोष्ट त्यांना सांगा.